वेळ फक्त टेबलाला माहीत

माझ्या नवऱ्याने मागे ठेवलेल्या वस्तूंत एक लांबट रजिस्टर आहे. पहिल्या पानावर त्याच्या सरळ, ठाशीव अक्षरात एकच प्रश्न लिहिला आहे: ‘मागे पडलेले काही संघ शेवटच्या भागात येऊन का जिंकतात?’ त्याखाली एक रेघ, आणि मग सत्तरेक पानं भरून उत्तरं.

घरात मी त्याला ‘अहो’च म्हणायचे. इथे ‘तो’ लिहिते आहे. जाऊन वर्ष झालं तरी माझा राग गेलेला नाही, आणि रागात ‘अहो’ जमत नाही.

आम्ही नागपूरचे. तो बहारीनमधल्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होता. दाबमापक, तापमापक खरं दाखवतात की नाही हे तपासायचं आणि खोटं दाखवणाऱ्याला खऱ्यावर आणायचं, हे त्याचं काम. मी मनामातल्या एका शाळेत ग्रंथपाल. आम्हा दोघांपैकी कुणीही कधी कुठला चेंडू लाथाडला नव्हता. त्याच्या विभागाचा इंजिनिअर ऑस्ट्रेलियन होता, आणि इथल्या हौशी ऑस्ट्रेलियन फुटबॉल संघाचा कॅप्टनही. हिवाळ्यात दर शुक्रवारी दुपारी जनाबियाच्या एका मैदानावर हे लोक खेळत. वेळ सांभाळणारा माणूस बदली होऊन मायदेशी गेला तेव्हा इंजिनिअर याला म्हणाला, तू गेज सांभाळतोस, आमचं घड्याळ सांभाळ. हा गेला, आणि पुढची नऊ वर्षं जातच राहिला.

खेळ मला त्याच्याकडूनच कळला. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू मारला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. सामन्याचे चार भाग. चेंडू मेला, म्हणजे खेळाबाहेर गेला, किंवा गोल झाला, की घड्याळ थांबतं; पंचाने हात केला की पुन्हा चालू होतं. त्यामुळे खेळाडूच्या मनगटावरच्या घड्याळाला काही अर्थ उरत नाही. जनाबियाच्या मैदानावर वेळ दाखवणारा फलकही नव्हता. नेमका किती वेळ उरला आहे हे फक्त सीमारेषेबाहेरच्या एका टेबलाला माहीत असायचं. त्या टेबलाशी, छत्रीखाली, स्टॉपवॉच आणि भोंगा घेऊन दोघे बसत. एक माझा नवरा आणि दुसरा रत्नागिरीकडचा एक कोकणी मुसलमान गृहस्थ, मनामाच्या बाजारात एका व्यापाऱ्याकडे कारकून. मैदानावर सगळे त्याला चाचा म्हणत. दोन घड्याळं जुळली तरच भोंगा वाजवायचा, असा त्यांचा शिरस्ता होता.

ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या सामन्यांचा हंगाम आपल्या उन्हाळ्यात. शनिवारी सकाळी पावणेसातला इथे सामना दिसायला लागे. मुलगी झोपलेली असायची. तो टीव्हीचा आवाज बंद करून चहाचा कप गुडघ्यावर धरून बसे, सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला मी पुस्तक घेऊन. चौथा भाग सुरू झाला की कप खाली जाई.

“आता बघ,” तो म्हणायचा.

“काय बघू? वीसने मागे आहेत तुमचे.”

“मागे नाही वं. गुणांनी मागे आहेत. यांनी मारलेले शॉट मोज ना. समोरच्यांपेक्षा सहा जास्त आहेत. सगळे फटीतून गेले म्हणून एकेकच मिळाला. खेळ यांच्याच हातात आहे, फलकाला अजून पत्ता नाही.”

“मग फलक तपासून घ्या जाऊन. तुमचंच काम आहे ते.”

यावर तो हसायचा. पुस्तक मिटून मीही बघायचे. बहुतेकदा ते वीसने मागे असलेले हरायचेच, हे इथे लिहून ठेवते, कारण रजिस्टर वाचून वाटेल की दर शनिवारी चमत्कार होत होता.

पण उत्तरं त्याने खरोखर शोधली होती. बाकी फुटबॉलमध्ये गोल झाला की चेंडू गोल खाणाऱ्याला मिळतो. इथे तसं नाही. इथे पंच चेंडू मैदानाच्या मध्यावर नेतो आणि दोघांसाठी सारखा वर उडवतो. ज्यांनी आत्ताच गोल केला त्यांच्या अंगात तेव्हा वारं असतं, म्हणून गोल झुंडीने येतात, असं त्याचं म्हणणं. दुसरं पायांचं. खेळाडू सतत आतबाहेर बदलत असतात. जो प्रशिक्षक तिसऱ्या भागात हाव न करता आपली पळणारी माणसं थोडी थोडी बसवून ठेवतो, त्याच्याकडे शेवटी ताजे पाय उरतात. ‘परत येणं चौथ्या भागात दिसतं, होतं तिसऱ्यात,’ असं एका पानावर आहे. तिसरं म्हणजे पुढे असलेल्यांची भीती. ते खांबांकडे बघायचं सोडून देतात, चेंडू कडेकडेने, आडवा मारायला लागतात, जिंकायचं सोडून जपायला लागतात. आणि जपणारा माणूस थकलेल्या माणसापेक्षा हळू पळतो.

चौथं उत्तर त्याचं सगळ्यात आवडतं होतं. त्याखाली दोनदा रेघ आहे: ‘वेळ माहीत नसणे.’

शेवटच्या भागात खेळाडू टेबलाजवळून पळताना ओरडायचे, “हाऊ लाँग?” चाचाचं तोंड उघडलेलंच असायचं, पण माझा नवरा त्याच्या गुडघ्यावर हात ठेवायचा आणि मराठीत ओरडून सांगायचा, “पुरेसा आहे!” कोण पुढे, कोण मागे, कितीही वेळ उरलेला असो, उत्तर तेच. त्या लालबुंद उंच माणसांना हा शब्द पाठ झाला होता. रिफाच्या मॉलमध्ये ट्रॉली ढकलताना कुणी भेटलं की लांबूनच हाक यायची, “पुरेस्सा!” आमची मुलगी लाजून दुसऱ्या रांगेत निघून जायची.

मी एकदा त्याला म्हटलं होतं, सांगून टाकायला काय होतं? तो म्हणाला, “पुढे असलेल्याला सांगितलं तर तो चेंडू सोडून वेळ खेळतो. मागे असलेल्याला सांगितलं तर तो घाबरतो. कोणालाच न सांगणं, यालाच न्याय म्हणतात. टेबलावरच्याला माहीत, मैदानावरच्याला नाही.”

मला तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. मी ते शाळेत इतर शिक्षकांना कौतुकाने सांगितलंही होतं. आता आठवलं की स्वतःचीच चीड येते.

फेब्रुवारीत त्याच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्यांना तो शिफ्टवरून परस्पर जायचा. मी येते म्हटलं की, “तू सुट्टी काऊन वाया घालवते? नुसतं रक्त तर द्यायचं आहे.” रिपोर्ट दाखवा म्हटलं की ते कारखान्यातल्या लॉकरमध्ये राहिलेले असायचे. मी दिवसभर पुस्तकांत बसणारी बाई. कुणी एखादं पान फाडून पुस्तक परत केलं तर मला हाताला कळतं. पण त्याच्या फायलीचा मी पाठपुरावा केला नाही. एकदाच भाजी निवडताना सरळ विचारलं, “डॉक्टर काय म्हणाले? किती दिवस चालणार हे?”

तो म्हणाला, “पुरेसा वेळ आहे.”

मी समजले, औषधांचा कोर्स लांब आहे.

त्यानंतरच्या महिन्यांत मी काय केलं ते सांगते, कारण माझी सगळी तक्रार तेवढीच आहे. एप्रिलमध्ये शाळेच्या ग्रंथालयाची पुस्तकमोजणी होती. तीन आठवडे मी संध्याकाळी सात-साडेसातला घरी येत होते. दोन कपाटांचा मेळ लागत नव्हता म्हणून एका शनिवारीही गेले. त्याने कारल्याची भाजी न खाता ताटात तशीच ठेवली म्हणून मी दोन दिवस बोलले नाही. मे महिन्यात भाच्याचं लग्न होतं. त्याला रजा मिळाली नाही असं तो म्हणाला. नंतर ऑफिसच्या कागदांत दिसलं की त्याची रजा बरीच शिल्लक होती, त्याने अर्जच केला नव्हता. मी म्हटलं, मग मीही नाही जात. तो म्हणाला, “जा ना. तुझ्या बहिणीचं पहिलं कार्य आहे. दहा दिवसांत मी काही पळून जात नाही.” मुलीला घेऊन मी गेले. नागपूरच्या उन्हात दहा दिवस साड्यांची दुकानं, हळद, मंगल परिणय, जेवणावळी. रोज फोनवर तो वऱ्हाडाची चौकशी करायचा आणि मी रोज त्याला सांगायचे की तुम्ही चुकवलंत बघा.

सप्टेंबरात तो दवाखान्यात भरती झाला तेव्हा लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो गेला.

इथल्या आपल्या लोकांनी मनामातल्या एकाच्या फ्लॅटवर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम केला. पांढऱ्या कपड्यांत सगळे सतरंजीवर बसले. त्रिशरण, पंचशील झालं, मग एकेक जण उठून आदरांजली वाहू लागला. शेवटपर्यंत झुंजले, असं पहिला म्हणाला, आणि मग प्रत्येकजण तेच म्हणाला. त्याच्या खेळाच्या वेडाबद्दल ज्याला माहीत होतं तो म्हणाला, आम्हाला वाटलं होतं साहेब शेवटच्या भागात परत येणार. लोक मायेने बोलत होते. मला उठून त्यांना थांबवावंसं वाटत होतं.

चाचा दाराजवळ चपलांपाशी बसला होता. जेवणं सुरू झाल्यावर तो माझ्याजवळ आला. बिचारा काहीतरी चांगलं बोलायचं म्हणून बोलला.

“भाऊंची हिम्मत मोठी, भाभी. डॉक्टर आठ महिने बोलला. भाऊंनी एक दिवस कमी केला नाही. पूर्ण काढले.”

“आठ महिने कधी म्हणाला डॉक्टर?”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग जमिनीकडे.

“चाचा, कधी?”

“फेब्रुवारीत. टेबलावर सांगितलेलं मला. पुढच्या सीझनला घड्याळ तू एकट्याने बघ, बोलले. मला वाटलं, घरात तर माहीतच असणार. अल्ला कसम, मला वाटलं माहीत असणार.”

टेबलावरच्याला माहीत होतं. मी मैदानावर होते.

घरी आल्यावर मी मुलीला सांगितलं. ती चौदा वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. मी बराच वेळ बोलत होते: मला सांगायला हवं होतं, मी त्याची बायको होते, मी लग्नाला गेले नसते. ती पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन ऐकत होती. मग म्हणाली, “आई, ही डिडन्ट टेल मी आयदर.” माझ्या रागात मी तिला धरलंच नव्हतं.

पुढचं वर्षभर मी ते रजिस्टर वाचलं. ग्रंथालयातल्या टेबलावर, मधल्या सुट्टीत, आठवड्याला एक-दोन पानं. मी काय शोधत होते ते मला माहीत होतं: फेब्रुवारीनंतरच्या पानांवर कुठेतरी माझ्यासाठी एखादं वाक्य. तसं काही नाही. मार्चपासून अक्षर थोडं बारीक होतं, बाकी तेच. मी नागपूरला असतानाच्या दोन्ही शनिवारांच्या नोंदी आहेत. एका दिवशी अठराने मागे असलेला संघ दोनने जिंकला. खाली कारण लिहिलं आहे: ‘ताजे पाय.’ इतक्या महिन्यांत त्याने किती संघांचं मन वाचलं! समोर बसून चहा पिणाऱ्या बाईचं नाही वाचलं. की वाचलं, आणि तिला वगळलं? मेलेल्या माणसाशी भांडताना हीच अडचण असते. तो पुन्हा पुन्हा तीच पानं पुढे करतो.

वर्ष पूर्ण होत आलं तेव्हा कॅप्टनचा फोन आला. हंगामाचा पहिला सामना त्याच्या आठवणीत खेळायचा होता, दुबईचा संघ येणार होता. टेबलावर मी बसावं अशी त्यांची इच्छा. मी नाही म्हणणार होते. मुलगी म्हणाली, “गो ना, आई. मी पण येते.” शेवटचे तीन शब्द तिने मराठीत म्हटले, म्हणून गेले.

छत्री, टेबल, फ्लास्क सगळं तसंच होतं. चाचाने खुर्ची पुसून दिली. त्याने आपलं घड्याळ काढलं, मी नवऱ्याचं. पंचाचा हात वर गेला की बटण दाबायचं, खाली आला की पुन्हा दाबायचं. मला वाटलं होतं जमणार नाही, पण तीन भाग दोन्ही घड्याळं सेकंदाला जुळली. चाचा म्हणाला, “भाभी, भाऊ शिकवून गेले काय?” मी म्हटलं, “काही शिकवून गेले नाहीत.” तो माझ्या पेल्यात चहा ओतत राहिला, पेला भरून वाहीपर्यंत.

चौथ्या भागात आपला संघ अकराने मागे होता. मी नकळत शॉट मोजले होते. आपले पाच जास्त होते, सगळे फटीतून गेलेले. त्याच्या हिशोबाने आता परत यायची वेळ होती. दुबईवाले चेंडू कडेकडेने मारायला लागले होते. कॅप्टन, आता पंचेचाळिशीचा, घामाने निथळत आमच्यासमोरून पळत आला आणि सवयीने ओरडला, “हाऊ लाँग?”

चाचाने माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मी काय उत्तर द्यायचं हे त्या मैदानावर प्रत्येकाला माहीत होतं. दोन-चार जण हसऱ्या चेहऱ्याने त्या शब्दाची वाट बघत होते. मला वाटतं, त्यासाठीच मला तिथे बसवलं होतं.

मी उभी राहिले. “तीन मिनिटं!” मी ओरडले. “थ्री मिनिट्स! थ्री!”

“भाभी!” चाचा म्हणाला. “खलास! काय केलंत हे?”

सगळ्यांनी ऐकलं. दोन्ही संघांनी. दुबईवाल्यांनी लगेच तीन माणसं मागे खेचली. आपल्यातला एक तरुण खेळाडू कमरेवर हात ठेवून उभाच राहिला. बाकीचे पळाले. मी नवऱ्याच्या घड्याळाकडे बघण्याऐवजी त्यांच्याकडेच बघत होते. बटणं चाचाच्या भरवशावर राहिली. कॅप्टनने स्वतः एक गोल केला. सहा. पाचने मागे. मध्यावर चेंडू उडाला, पुन्हा आपल्याकडेच आला, आणि शेवटी कॅप्टनच्याच हातात झेल बसला, खांबांच्या समोर, थोडा तिरका. झेल घेणाऱ्याला या खेळात थांबून, नेम धरून मारता येतं. त्याने टेबलाकडे एकदा पाहिलं आणि घाईने मारला. चेंडू बाजूच्या फटीतून गेला. एक गुण. चाचाने भोंगा वाजवला. चारने हरलो.

हस्तांदोलनं झाल्यावर कॅप्टन टेबलाशी आला. रागावला नव्हता, पण खूशही नव्हता. म्हणाला, तुमच्या नवऱ्याने नऊ वर्षांत एकदाही सांगितलं नाही.

मी त्याला विचारलं, सांगितलं नसतं तर तुम्ही जिंकला असता का?

त्याने डोक्यावर बाटलीतलं पाणी ओतलं आणि खरा विचार केला, याबद्दल मी त्याची आभारी आहे. म्हणाला, कदाचित. शेवटचा चेंडू मी थांबून, श्वास घेऊन मारला असता. वेळ कळली म्हणून घाई केली.

मग तो चाचाशी काहीतरी बोलून निघून गेला. म्हणजे रजिस्टरमधलं चौथं उत्तर बरोबर होतं. मैदान माझ्या बाजूने साक्ष देईल अशी माझी काहीतरी वेडी आशा होती, तीही गेली. परत येताना गाडीत मी मुलीला म्हटलं, “तुझे बाबा बरोबर होते.” ती खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, “दे वाँटेड टू विन, आई.”

रात्रीचं जेवण होण्याआधी मी रजिस्टर उघडलं. त्याच्या शेवटच्या नोंदीखाली दोन बोटं जागा सोडली आणि सामन्याचे गुण लिहिले, चारही भागांचे, त्याच्याच पद्धतीने. कारणाच्या रकान्यात लिहिलं: ‘वेळ सांगितली. कॅप्टनने घाई केली. हरले.’ एवढं त्याचं देणं होतं. मग त्याच ओळीत, रकाना ओलांडून, माझ्या अक्षरात पुढे लिहीत गेले. अहो, मला जिंकायचं नव्हतं. मला फक्त मे महिन्यात नागपूरला जायचं नव्हतं.